वारसानचं बारसं

"लागला पोरीचा निकाह," म्हणत हिरसी अंबारोच्या चहाच्या टपरीत शिरला आणि तिथल्या एकुलत्या धड खुर्चीवर बसला. "बापामागे काकाचा होकार हवा म्हणून दोन वर्षं माझ्या मागे लागली होतीस. दिला एकदाचा."

"आता मागे नाही ना घेता येणार, भावजी?"

"लागलेला निकाह मागे घेतात का? अक्कल गहाण टाकलीस की काय?"

अंबारोने चहा ओतला. वाकड्या मनगटामुळे थोडा सांडलाच. ते मनगट लग्नानंतर वर्षभरातच मोडलं होतं. विहिरीवर पडले, असं ती सांगत असे. हिरसीने नाक मुरडलं. दुआलेदादाचा बुराओच्या बाजारात केवढा दरारा, आणि पदरी पडलं हे ध्यान. इतक्या वर्षांत धड चहा ओतायला शिकली नाही.

"मशिदीत म्हातारे विचारत होते, पोरीचं नाव वारसान का? वारसान म्हणजे शुभवार्ता, ती कसली? नाव ठेवताना तू मला कुठं विचारलं होतंस? मग दिलं ठोकून. म्हटलं, बाप गेला त्याच दिवशी पोर जन्मली, दुःखात तेवढीच गोड बातमी. दोघांनी डोळे पुसले."

"छान सांगितलंत."

"मुलगी झाली यात गोड ते काय? पण वेळ निभावली." पेला खाली ठेवून त्याने हात पुढे केला. "बरं, निकाहची बातमी मी आणली. माझी बिशारो काढ."

चांगली बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हाताने धाडायचं नाही, हा बिशारोचा रिवाज भिकाऱ्याच्या झोपडीतही पाळतात. पण हिरसी स्वतःच हसला.

"तू काय देणार म्हणा. होती एक दुभती उंटीण, तीही दादाच्या मरणादिवशी घालवलीस. काहिन ड्रायव्हर बर्बेराहून निरोप घेऊन आला तेव्हा दारात होती. संध्याकाळी मी आलो तर गायब. नवरा गेला, अन् हिला एक जनावर सांभाळता येईना."

अंबारोने बाहेर पाहिलं. वारसानला सासरी नेणारी गाडी वळणापलीकडे गेली होती.

तिने त्याच्यासमोरचा पेला उचलला.

"उंटीण हरवली नव्हती, भावजी. तुमचा भाऊ मेल्याची बातमी काहिनने आणली, म्हणून मी त्याला ती बिशारो दिली."