जांभळी चप्पल

तिसऱ्यांदा गोमा तीच जांभळी चप्पल तोंडात धरून शेपटी हलवत उभी राहिली, तेव्हा कुनिहिको तंबूपुढच्या खुर्चीत मटकन बसले.

"बाबा," शेगडीवर कणसं भाजणारी त्यांची मुलगी सायोको मागे न वळताच म्हणाली, "काय ठरलं होतं आपलं?"

ठरलेलं त्यांच्या चांगलं लक्षात होतं. सायोकोची आई गेल्यापासून गोमा फार शेफारली होती. कुत्री मुळात आईची. कुनिहिको उभं आयुष्य पोस्टमन. कुत्र्यांशी त्यांचं कधी जमलंच नव्हतं. गोमानं गल्लीतल्या लोकांचे वाळत घातलेले मोजे पळवायला सुरुवात केली, तशी सायोकोनं अट घातली. या सहलीत हिनं कुणाला त्रास दिला, तर हिची रवानगी आओमोरीला, मामाच्या सफरचंदाच्या बागेत. कुनिहिकोंनी मान डोलावली होती. घरात दिवसभर आपण बोलतो ते एकट्या गोमाशीच, हे त्यांनी मुलीला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

"दोरीनं बांधली होती गं," ते पुटपुटले. "आखूड दोरीनं."

काल दुपारी ती पट्ट्यातून मान सोडवून शेजारच्या तंबूकडे पळाली होती. आज सकाळी सायोकोच्या मुलीच्या हातून निसटली. दोन्ही वेळा कुनिहिकोंनी चप्पल रुमालानं पुसली, शेजारी नेऊन दिली आणि कमरेत वाकून माफी मागितली. शेजारी तात्सुए नावाच्या बाई उतरल्या होत्या, एकट्याच, टोपलीत एक म्हातारं मांजर घेऊन. दोन्ही वेळा त्या "असू दे हो" एवढंच म्हणाल्या होत्या. आता मात्र गोमा झाडाला बांधलेली होती, दोरी शाबूत होती आणि तरीही चप्पल तिच्या तोंडात होती.

तेवढ्यात तंबूतळाचे व्यवस्थापक ओढ्याकडून येताना दिसले. त्यांनी चप्पल पाहिली, कुत्री पाहिली आणि मान खाजवली.

"आजोबा, मला काही बोलायला आवडत नाही," ते म्हणाले. "पण इथं सगळेच आपापली जनावरं घेऊन येतात. शेजाऱ्यांची तक्रार आली तर मला तुम्हाला जागा सोडायला सांगावं लागेल."

"तक्रार यायचीच," सायोको म्हणाली. तिनं कणसं बाजूला ठेवली आणि हात पुसले. "चला, सगळे मिळूनच जाऊ. मामालाही आजच फोन करते."

कुनिहिको उठले. गोमानं चप्पल मुकाट्यानं त्यांच्या हातात दिली. घरी साधा चेंडूसुद्धा ती कधी परत देत नसे. म्हणजे तिलाही कळलंय, असं त्यांना वाटलं.

तात्सुएबाई लार्च वृक्षाच्या सावलीत मांजराला विंचरत बसल्या होत्या. व्यवस्थापकांनी खाकरून विचारलं, "बाई, या कुत्रीबद्दल तुमची काही तक्रार आहे का?"

बाईंनी कंगवा खाली ठेवला. त्यांनी व्यवस्थापकांकडे पाहिलं, सायोकोकडे पाहिलं आणि मग कमरेत अर्धे वाकलेल्या कुनिहिकोंकडे पाहिलं.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "दोनदा आले हे. दोन्ही वेळा मी चहाचं विचारायच्या आत माघारी पळाले. कुत्रीला वळण आहे, मालकाला नाही."

व्यवस्थापक हसत निघून गेले. सायोको एक पाऊल पुढे आली. "पण तुम्हाला त्रास..." तिनं सुरुवात केली.

"कसला त्रास? तू जा, तुझी कणसं गार होतायत. तुझ्या बाबांना धाडते थोड्या वेळानं."

कुनिहिको अवघडून स्टुलावर बसले. बाईंनी चहा ओतला, सोबत मुळ्याचं लोणचं ठेवलं.

"तुम्ही पोस्टात होता का हो?"

"कसं ओळखलंत?"

"चप्पल दोन्ही हातांनी देता. काल मला वाटलं, आता सहीसुद्धा मागतील."

कुनिहिको हसले. आधी नाकातल्या नाकात, मग मोकळेपणानं. पलीकडे सायोकोच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. बाबांचं हसणं तिनं आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. कुनिहिकोंनी मग बर्फात सायकल घसरल्याची गोष्ट सांगितली, एकाच आडनावाच्या सात घरांच्या गावाची सांगितली आणि त्यांना चावलेल्या कुत्र्यांची तर नावासकट. बाईंनी दोनदा आधण ठेवलं.

ते परतले तेव्हा सायोकोनं त्यांच्यापुढे कणीस ठेवलं. "त्यांना त्रास नाही म्हटल्यावर माझं काय म्हणणं असणार," ती म्हणाली. "राहू दे गोमा आपल्याकडेच." आणि ती ताटल्या धुवायला नळाकडे गेली.

कुनिहिको खुर्चीत टेकले आणि त्यांच्या ध्यानात आलं की ज्या कामाला गेलो ते राहूनच गेलं. जांभळी चप्पल अजून त्यांच्या काखेतच होती. गोमाच्या लाळेनं ती ओली झाली होती. पुसायला म्हणून त्यांनी रुमाल काढला आणि चपलेच्या पुढच्या बंद भागात बोटं घातली.

आत काहीतरी टोचलं. त्यांनी ते ओढून काढलं. सुकी मासोळी होती. डोकं खुडलेली, चांगल्यातली, चिकटपट्टीनं नीट आत चिकटवलेली.

कुनिहिकोंनी मासोळी रुमालात गुंडाळून खिशात टाकली. मग त्यांनी मान वर केली. तात्सुएबाई पाठमोऱ्या बसून मांजराला विंचरत होत्या, जरा जास्तच मन लावून. आणि जोडीतली दुसरी चप्पल दोन्ही तंबूंच्या मधोमध गवतात पडली होती, गोमाची दोरी पोचते तिथपासून जेमतेम वीतभर पलीकडे.

कुनिहिकोंनी नळाकडे एक नजर टाकली, ते वाकले आणि झाडाला मारलेली गाठ सोडून गोमाची दोरी हातभर लांब केली.