आतली कडी

लेखिका गेल्याची बातमी सकाळी रेडिओवर लागली, तेव्हा तिचा सुतार नवरा मागच्या पडवीत तिच्या शवपेटीच्या झाकणाला आतून कडी बसवत होता.

तसा शब्दच तिने घेतला होता. भुताखेतांच्या गोष्टी लिहून तिने लोकांची झोप उडवली. तिची स्वतःची झोप मात्र एका ऐकीव गोष्टीने उडवली होती. कोणा नाटककाराची कबर पुन्हा उघडली, तर तो आत पालथा झालेला. नवरा हसला होता. कडी काढून जाणार कुठे, असं त्याने विचारलं होतं.

"तुमच्या मानगुटीवर बसायला," ती म्हणाली होती.

कडी अर्धी बसली तोच धाकटा मेहुणा माणसं घेऊन आला. सोबत नवीकोरी, चकचकीत पेटी. मोठमोठे लोक येणार, घरची पेटी बरी दिसेल का, असं त्याचं म्हणणं. ती गेल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलंय, मग कडी हवी कशाला? निदान संध्याकाळपर्यंत झाकण लावू नका, म्हणून सुताराने विनवलं. कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तोवर झाकणाचे स्क्रू आवळून झाले होते.

दफनभूमीत उन्हात भाषणं चालली होती. तो पेटीवर हात ठेवून उभा होता. पेटीत टक् झालं.

ओलं लाकूड उन्हात बोलतं. गिऱ्हाइकांना तो जन्मभर हेच सांगत आला होता. पुन्हा टक् झालं. या वेळी ते त्याच्या तळव्याला लागलं.

"उघड," तो मेहुण्याला म्हणाला. "एकदाच बघतो."

"दाजी, लाकूड आहे ते," मेहुणा कुजबुजला. "तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

खिशात पेचकस होता, मुठीत घट्ट धरलेला. सगळे त्याच्याकडे बघत होते. उघडलं आणि ती तशीच, गार पडलेली असली तर? आणि तशी नसली तर? हात खिशाबाहेर येईना.

दोर सोडले गेले. माती पडायला लागली. मातीच्या आवाजात दुसरं काही ऐकू येईना.

आता तो पडवीत घरच्या पेटीजवळ बसला आहे. जुनं, वाळलेलं लाकूड. ते वाजत नाही. तरी तो कान लावून आहे. झाकणाला कडी लोंबते आहे. तिचे दोन स्क्रू बसवायचे राहिले आहेत.