डबीतला निशी

निशिकांतच्या वाढदिवसाचं श्रीखंड आधी काचेच्या डबीला मिळालं. डबीत त्याच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेला स्वादुपिंडाचा तुकडा होता. तो लाल झाला, की निशिकांतने ताट मागे सारायचं. गेल्या वर्षी स्वादुपिंडाला सूज येऊन तो अकरा दिवस अतिदक्षता विभागात होता, तेव्हापासून घरात हाच नियम.

अर्धा तास झाला तरी तुकडा गुलाबीच राहिला. निशिकांतने श्रीखंडाच्या दोन वाट्या संपवल्या.

त्याची बायको मृदुला डबी पुसायला गेली, तर झाकणाला कडवट वास येत होता.

“आई, यात काय घातलंत?”

“सुजेवरचं औषध,” सासूबाई सहज म्हणाल्या. “रोज सकाळी दोन थेंब घालते.”

“अहो, पण का?”

“आपण त्याच्यावर काहीबाही ओतत असतो. तोही निशीच ना गं? मुकाट्याने सोसतो बिचारा. मला बघवत नाही.”

मृदुलाने वळून पाहिलं. तिसऱ्या वाटीकडे गेलेला निशिकांतचा हात मध्येच थांबला आणि हळूच पोटावर आला.

डबीतला तुकडा अजून गुलाबीच होता.