कवडीदार दही

पुतण्याने दिलेला जुना, डब्याएवढा कॉम्प्युटर रोजच्या वापराला चालेल का, हे निवृत्त खांबेटे थंडीभर तपासत होते. मेल उघडेपर्यंत चहा निवायचा. व्हिडिओ लावला की डबा तापून मिक्सरसारखा घरघरायचा.

“टेबल अडवून बसलाय नुसता,” बायको कुरकुरायची. तो टोमणा नक्की कोणाला, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

शेवटी “घेऊन जा बाबा” म्हणायला त्यांनी पुतण्याला फोन लावला. बायकोने तो काढून घेतला आणि कॉम्प्युटरमागून फडक्यात गुंडाळलेलं पातेलं बाहेर ओढलं. आत कवडीदार दही.

“थंडीत असं कधी लागलं नव्हतं. रोज विरजण लावलं की व्हिडिओ बघत बसायचं. मी सांगेपर्यंत उठायचं नाही.”

कॉम्प्युटर रोजच्या वापराला चालणार होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच खांबेटेही.