बंधाऱ्याचं टोक

सरकारने समुद्र अडवायला दगडी बंधारा घातला, तो नेमका शेजारच्या विमलाच्या कुंपणाशी संपला. टोकाला वळसा घालून लाटांनी माझे तीन माड पाडले, आणि वर ही बया मला वाटीभर शिंपल्यांतल्या तिसऱ्यांचं सुकं पाठवते! मी वाटी तशीच भरलेली परत केली.

ग्रामसभेत बंधाऱ्याच्या साहेबांना अडवलं, "तिच्या दारात बंधारो नि माज्या दारात दर्यो? माका पण व्हयो!"

साहेब म्हणाले, "बाई, टोक कुठेतरी येणारच."

"माज्या दारात नको!"

यंदा बंधारा माझ्या कुंपणापर्यंत आला. पहिल्याच उधाणात पलीकडच्या संचिताचे दोन माड गेले. वाईट वाटलं. घरात तिसऱ्यांचं सुकं होतं, तिला वाटीभर पाठवलं.

 

वाटी भरलेलीच परत आली.