मटाराचं हिरवं पाणी

पिपरी मेघेच्या घरात पंचफुलाबाई माशांसाठी उकडलेले मटार कुस्करून चहाच्या गाळणीत धूत होत्या. खाली वाटीत हिरवं पाणी साचत होतं. ते टाकीत गेलं की काचेवर शेवाळ धरतं. पण प्रेमदास, त्यांचे यजमान, ते पाणीही माशांना चमच्यानं पाजायचे. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

"आई, वाटी रिकामी काऊन?" सून काजलनं विचारलं.

टाकीच्या कोपऱ्यात हिरवा ढग हळूहळू खाली उतरत होता.

"तुमाले किती सांगतलं, शेवाळ होते म्हणून!" पंचफुलाबाई काजलकडं न पाहता लाडानं रागावल्या. "ठेवा तो चमचा."

मासे काचेपाशी गोळा झाले. सगळे काजलच्या खांद्यामागं पाहत होते.

तिच्या मागं, ओट्यावर, चमचा अलगद टेकला.