हाताला गुण

सासूबाईंच्या हाताला गुण होता. नुसती काडी खोचली तरी तिला पालवी फुटायची. मी कुंडीजवळ गेले की म्हणायच्या, "तू आपली लांबच राहा बाई. तुझा हात लागला की झाडं माना टाकतात."

त्या गेल्या आणि महिन्याभरात गॅलरीतली सगळी झाडं वाळली. मग मीही हट्टाला पेटले. कोपऱ्यावरच्या दुकानातून अगदी स्वस्तातलं खुरपं, प्लास्टिकची झारी आणि टोमॅटोच्या बियांची पुडी घेतली.

"हातमोजे देऊ का, वहिनी?" दुकानदाराने विचारलं.

"नकोत. घरात आहेत की."

सासूबाईंचे कापडी मोजे अजून खुंटीवरच होते, मातीने कडक झालेले. उजव्या मोज्याची करंगळी आत वळलेली होती. कधीतरी दारात सापडून त्यांची करंगळी कायमची वाकडी झाली होती, अगदी तशीच.

रोज तेच मोजे घालून मी माती उकरत राहिले. आठव्या दिवशी सगळ्या कुंड्यांमधून रोपं वर आली. ज्यांत मी बी टाकलंच नव्हतं, त्यांतूनसुद्धा.

नवरा चहाचा कप घेऊन गॅलरीत आला आणि बघतच राहिला. "अगं, आईचा हात लागल्यासारखं वाटतंय हे!"

"माझाच हात आहे हा," मी ठसक्यात म्हणाले आणि मोजे काढून दोन्ही पंजे त्याच्यासमोर पसरले.

 

नऊच बोटं सरळ झाली.